लाडवातले अक्रोड

श्यामकांत पाटसकरांनी तूप सोडलं, त्या दिवशी घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. गरम वरणभात पानात आला, त्यावर लिंबू पिळलं गेलं, आणि तुपाचं भांडं मात्र फडताळातच राहिलं. पद्मिनीबाईंना ते बघवेना. "पन्नाशीसुद्धा आली नाही, आणि कोरडा भात गिळायची पाळी!" असं म्हणत त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

झालं होतं असं, की ऑफिसच्या वार्षिक तपासणीत पाटसकरांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठेचाळीस निघालं होतं. ही ब्याण्णव सालची गोष्ट. हा शब्द तेव्हा घरोघर नवा होता. तो उच्चारताना लोक अडखळत, पण त्याला घाबरायला मात्र लगेच शिकले होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर प्रतिमा ठोसर यांनी सांगितलं होतं, "तूप, लोणी, साय, तळण बंद करा. रोज चाला. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू." आता डॉक्टरांनी एवढं सांगितलेलं आपल्याकडे कोणाला पुरतं का? पाटसकरांनी आणखी चार जणांना विचारलं, आणि चौघांनी मिळून सात उपाय सांगितले.

त्यातला एक उपाय खालच्या मजल्यावरून आला. चंडीगढच्या सरकारी क्वार्टर्समध्ये पाटसकर वर राहत आणि निरंजनसिंग खाली. दोघंही एकाच केंद्रीय कार्यालयात, शेजारशेजारच्या टेबलांवर. पाटसकर मूळचे साताऱ्याकडचे. दोन वर्षांसाठी म्हणून इकडे आले आणि सात वर्षं झाली तरी बदलीचा पत्ता नव्हता. त्या वर्षांत पंजाबात काय काय घडलं ते वाचकांना सांगायला नको. चौकात वाळूची पोती आणि बंदुका, बसमध्ये ‘लावारिस वस्तूला हात लावू नका’ अशा पाट्या, दिवेलागणीलाच ओस पडणारे रस्ते. आता सगळं निवत चाललंय असं पेपरवाले लिहीत होते, पण बाहेर गेलेलं माणूस घरी येईपर्यंत बायकांचा जीव थाऱ्यावर नसे. निरंजनसिंगांची पगडी दिसली की नाक्यावर स्कूटर हमखास थांबवली जायची. मागच्या सीटवरून पाटसकर म्हणायचे, "मेरे साथ हैं जी, हमारे ऑफिस के हैं." मग स्कूटर सुटायची. थोडं पुढे गेलं की निरंजनसिंग मान वळवून हसायचे, "वाह जी! स्कूटर मेरा, पेट्रोल मेरा, और मैं आपके साथ हूँ!"

असे हे दोघं रोज सकाळी सुखना तलावावर फिरायला जात. तिथेच पाटसकरांनी आपलं दुखणं सांगितलं.

"ओ जी, बस इतनी बात?" निरंजनसिंग म्हणाले. "मेरा भी बढ़ा था. मैंने शाम की तली हुई मठ्ठी छोड़ी, पकौड़े छोड़े, और उनकी जगह मुट्ठी भर अखरोट. कच्चे. ऊपर से कुछ नहीं. धीरे-धीरे नीचे आ गया. मेरा साला कुल्लू से भेजता है, कल ही आपको देता हूँ."

दुसऱ्या दिवशी पातळ सालीच्या अक्रोडांनी भरलेली पिशवी वर आली, आणि संपली की पुन्हा येत राहिली.

निरंजनसिंगांचं बोलणं पाटसकरांनी ऐकलं खरं, पण घराचा जिना चढेपर्यंत त्यातलं सोयीचं तेवढंच उरलं. "अगं, रोज अक्रोड खायचे म्हणे," एवढंच ते बायकोला म्हणाले. कशाच्या जागी, कसे, किती, यातलं काही तोंडून निघालं नाही. संध्याकाळचा चिवडाही सुटला नाही. तो पोह्यांचा असतो, त्याला तळण म्हणत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

पद्मिनीबाईंनी एक अक्रोड फोडून चाखला. सालीचा कडवटपणा जिभेला लागला. "असलं कोरडं कोण खाणार?" त्या म्हणाल्या. आपल्या घरांत पौष्टिक वस्तू तशीच तोंडात टाकली तर ती अंगी लागत नाही, अशी एक पक्की समजूत आहे. तिचा लाडू व्हावा लागतो. पद्मिनीबाईंनी डिंक तळून फुलवला, कणीक खमंग भाजली, खारीक कुटली, खोबरं किसलं, गुळाचा पाक केला आणि त्यात अक्रोड भरड वाटून घातले. साजूक तूप बंद होतं म्हणून सगळं वनस्पती तुपात केलं. मोहरीच्या तेलाचा वास त्यांना कधीच सोसला नव्हता, त्यामुळे फोडणीलासुद्धा चंडीगढला आल्यापासून वनस्पतीच होतं. डब्यावर ‘शुद्ध वनस्पती’ असं छापलेलं होतं. जे झाडापासून आलं ते माणसाला काय करणार!

लाडू फर्मास झाले होते. पाटसकर सकाळी दोन खायचे, रात्री दुधाबरोबर एक. औषध म्हणून खायचे, त्यामुळे मनाला टोचणीही नव्हती.

संक्रांतीला चंडीगढमधल्या मराठी मंडळींचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. तिथे विलासराव भेटले. हे एका बँकेत होते आणि जगातल्या सगळ्या कटांची बातमी त्यांना आदल्या दिवशीच लागलेली असे. कोलेस्टेरॉलचा विषय निघाला, तसे पाटसकर अक्रोडांबद्दल कौतुकानं बोलले.

"कोणी दिले म्हणालात? खालच्या सरदारजींनी?" विलासरावांनी तिळगूळ हातातच धरून विचारलं. "आणि तुम्ही खाल्लेत?"

"का? काय झालं?"

"नाही, आपलं सहज. दिवस कसले आहेत! कोणाच्या पिशवीतून काय येईल सांगता येत नाही हो. तुम्ही पडलात सरळ माणूस."

"विलासराव, सात वर्षांचा शेजार आहे आमचा," पाटसकर हसून म्हणाले. त्यांनी विषय बदलला. पण कानावर पडलेलं ते बोलणं काही केल्या पुसलं गेलं नाही, हेही खरं.

फेब्रुवारीत पुन्हा रक्त दिलं. आकडा आला दोनशे एक्काहत्तर!

पाटसकर प्रयोगशाळेच्या पायरीवर तसेच उभे राहिले. तूप सोडलं होतं, लोणी सोडलं होतं, थंडीत कुडकुडत तळ्याला फेऱ्या मारल्या होत्या. मग वाढलं कशानं? घरात नवीन काय आलं होतं? अक्रोड! दुसरं काही आठवेचना. त्यांच्या वडिलांना छातीत कळ येऊन जेवता जेवता गेलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि ती भीती त्यांच्या पोटात कायम होती. त्या भीतीला आता एक तोंड मिळालं, आणि त्या तोंडाला दाढी होती. ज्याच्या हातचं डोळे मिटून खाल्लं त्यानंच आपला घात केला, असं त्यांना वाटलं. मुद्दाम की अजाणता, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही. विलासरावांचं बोलणं आता शहाणपणाचं वाटू लागलं. सात वर्षं आपण कोणाबरोबर हसत होतो? त्यांना रडूच कोसळायचं बाकी होतं, आणि रडता येत नाही म्हणून ते संतापले.

त्या दिवसापासून सकाळचं फिरणं बंद झालं. फडताळात उरलेली अक्रोडांची पिशवी पाटसकरांनी खालच्या दारापुढे ठेवून दिली, बेल न वाजवता. संध्याकाळी निरंजनसिंग वर आले. "पाटस्करजी, तबीयत ठीक है ना? अखरोट वापस क्यों? कड़वे निकले?"

"नहीं चाहिए," पाटसकर दाराच्या फटीतून म्हणाले.

"कोई बात हो गई?"

"कुछ नहीं. काम है मुझे." आणि दार लागलं. निरंजनसिंग जरा वेळ बाहेर उभे होते. मग त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून सावकाश खाली गेला.

ऑफिसातही तेच. पाटसकरांनी टेबल वळवून घेतलं. काय झालं म्हणून निरंजनसिंग दोनदा विचारायला आले, आणि दोन्ही वेळा पाटसकरांनी फायलीतून मान वर केली नाही. मनात मात्र ते शंभरदा भांडत होते. समोरासमोर एकदाही नाही.

अशातच एका संध्याकाळी हवालदार जिना चढून वर आला. निरंजनसिंगांचा मुलगा हरमीत इंजिनिअर झाला होता आणि महाराष्ट्रातल्या एका सरकारी कारखान्यात त्याची निवड झाली होती. अर्ज करायला पाटसकरांनीच त्याला भरीला घातलं होतं. ‘कसं काय, बरं आहे ना?’ हे मराठीही त्यांनीच त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. आता पोलीस चौकशी तेवढी बाकी होती. ओळखीचे म्हणून निरंजनसिंगांनी पहिलं नाव दिलं होतं ते पाटसकरांचं.

"नीचे वालों को कब से जानते हो जी?" हवालदारानं विचारलं.

पाटसकरांनी खाली जिन्याकडे पाहिलं. खरं उत्तर ओठांवर होतं. पण दोनशे एक्काहत्तरचा आकडा डोळ्यांपुढे नाचत होता.

"पड़ोसी हैं. ज़्यादा पहचान नहीं है," ते म्हणाले.

"लड़का कैसा है? किसके साथ उठना-बैठना है?"

"मुझे नहीं मालूम. कहाँ जाता है, कब आता है, मैं कुछ नहीं कह सकता."

हवालदारानं त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि तो गेला. एवढंच बोलणं. यात शिवी नव्हती, आरोप नव्हता. पण वाचकहो, ते दिवस असे होते की पगडी बांधणाऱ्या तरुण पोराबद्दल शेजाऱ्यानं ‘मला माहीत नाही’ म्हणणं पुरेसं होतं. पाटसकरांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना त्या रात्री झोप जरा बरी लागली, इतकंच मी सांगतो.

आठवड्याभरानं पद्मिनीबाईंनी हट्टच धरला आणि नवऱ्याला डॉक्टर प्रतिमांकडे नेलं. डॉक्टरबाई पुण्याच्या. नवरा फौजेत, म्हणून त्याही गावोगाव फिरलेल्या. बोलणं रोखठोक.

"वाढलंय," त्या आकडा पाहून म्हणाल्या. "काय काय खाता ते सगळं सांगा."

"मला माहीत आहे कशानं वाढलं ते," पाटसकर कडवटपणे म्हणाले. "अक्रोड. एका माणसावर विश्वास ठेवला आणि फसलो."

"अक्रोडानं?" डॉक्टरबाईंच्या भुवया वर गेल्या. "अहो, कोलेस्टेरॉल असतं प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांत. झाडाच्या फळात, बीत ते नसतंच. तेल असतं अक्रोडात, भरपूर असतं, पण ते पातळ जातीचं. परदेशात अलीकडेच प्रयोग झालेत. इतर चरबी कमी करून तिच्याऐवजी अक्रोड-बदाम खाल्ले, तर कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. जादू नाही, थोडंसंच. पण वाढत तर नाही. तुम्ही किती खात होतात?"

"तीन."

"तीन अक्रोड? त्यानं काय होणार!"

"तीन लाडू," पद्मिनीबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "लाडू?"

पद्मिनीबाईंनी मोठ्या अभिमानानं सगळी कृती सांगितली. डिंक, कणीक, खारीक, खोबरं, गूळ. शेवटी म्हणाल्या, "साजूक तुपाचा थेंब नाही हो डॉक्टर! शपथेवर सांगते. सगळं वनस्पती. फोडणीसुद्धा."

"अरे देवा!" डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "पद्मिनीताई, हे वनस्पती तूप थंडीत डब्यात कसं असतं?"

"घट्ट असतं. सुरीनं कापावं लागतं."

"मूळ तेल पातळच होतं. कारखान्यात त्याला घट्ट केलं. आणि ही असली घट्ट चरबीच तर रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवते! वर सुकं खोबरं, तेही त्याच जातीचं. तुम्ही साजूक तूप पुढच्या दारानं घालवलं आणि मागच्या दारानं त्याचा मोठा भाऊ घरात घेतलात. त्या बिचाऱ्या अक्रोडाचा काय दोष? त्याला तुम्ही वनस्पतीत बुडवून खाल्लंत! ज्यानं कोणी दिले त्यानं असेच खायला सांगितले होते का?"

पाटसकरांना तलावावरची ती सकाळ लख्ख आठवली. ‘मठ्ठी की जगह. कच्चे. ऊपर से कुछ नहीं.’

"नाही," ते खालच्या मानेनं म्हणाले.

परतताना पद्मिनीबाई रिक्षात एकसारख्या हळहळत होत्या. "माझ्याच हातानं मी तुम्हाला... वनस्पती म्हणजे चांगलं, असंच समजत होते हो मी." पाटसकरांना आता सगळं कळत होतं. आपल्या माणसानं, आपल्या स्वयंपाकघरानं, डब्यावरच्या छापील अक्षरांनी फसवलं होतं. राग कोणावर धरायचा? पण त्याहून जास्त टोचत होती ती हवालदाराची आठवण. आज रात्री निरंजनला सांगू, हसतील दोघं, असं ते स्वतःला समजावत राहिले.

क्वार्टर्सच्या फाटकाशीच निरंजनसिंगांची बायको उभी होती. ओढणी डोक्यावरून घसरलेली, डोळे सुजलेले.

"भाभीजी, क्या हुआ?" पद्मिनीबाईंनी धावत जाऊन विचारलं.

"हरमीत नूँ थाने ले गए, भैणजी. सवेरे से बिठा रखा है. कहते हैं, वेरिफिकेशन में किसी ने उल्टा लिखवा दिया, कहा कि लड़के का कुछ पता नहीं कहाँ जाता है. सरदारजी भी वहीं बैठे हैं." आणि ती पद्मिनीबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली. "किसी का क्या बिगाड़ा था हमने?"

तिला घरात नेऊन, पाणी देऊन, पद्मिनीबाई वर आल्या. पाटसकर खुर्चीत बसले होते. दिवा लावलेला नव्हता.

"त्या दिवशी हवालदार आपल्याकडेच आला होता ना?" पद्मिनीबाईंनी विचारलं. "मी आत कणीक मळत होते. काय सांगितलंत त्याला?"

पाटसकरांनी मान खिडकीकडे वळवली.

"अहो, मी विचारते आहे!"

"म्हटलं... जास्त ओळख नाही."

पद्मिनीबाई त्यांच्यासमोर येऊन खाली बसल्या. मग अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "माझं ऑपरेशन झालं तेव्हा कर्फ्यू होता. कोणी दाराबाहेर पडत नव्हतं. त्यांनी कोणाची तरी गाडी मागून आणून मला दवाखान्यात नेलं, हे तुम्हाला आठवतंय? तेव्हा ओळख होती का?"

"पद्मा, मला वाटलं त्यानं मला फसवलं. माझा जीव..."

"तुमचा जीव! मग माझ्यावर का नाही आला संशय? रोज तुमच्या पानात मी वाढते. फोडणी माझी, लाडू माझे. मला एकदा तरी विचारलंत, की तू त्यात काय घातलंस?"

"तुझा संशय? अगं, तू घरची!"

"आणि ते?"

पद्मिनीबाईंनी जमिनीकडे, खालच्या घराकडे बोट केलं.

"तुम्ही म्हणाल, विलासरावांनी कान भरले. पण भरायला कान आपणच पुढे करतो. त्यांच्या जागी कोणी देशपांडे असते आणि त्यांनी अक्रोड दिले असते, तर तुम्ही तावातावानं खाली गेला असतात, भांडला असतात, आणि चहा पिऊन वर आला असतात. त्यांच्याशी तुम्ही भांडलासुद्धा नाहीत! नुसतं दार लावलंत. आणि शिक्षा त्या पोराला दिलीत!"

"बस कर, पद्मा!" पाटसकर ताडकन उठले. एवढे दिवस आपला विश्वासघात झाला म्हणून ते उरी फुटत होते, आणि विश्वासघात करणारा माणूस या खोलीत एकच होता! "मी जातो. आत्ताच जातो."

पोलीस ठाण्यात बाकावर निरंजनसिंग बसले होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. पाटसकरांना पाहताच त्यांचा चेहरा उजळला. "आ गए आप! मैं सोच ही रहा था, आप आओगे. आप बोलोगे तो मान जाएँगे." त्या शब्दांनी पाटसकरांच्या काळजाला घरं पडली.

ते सरळ अधिकाऱ्याच्या टेबलापाशी गेले. "साहब, हरमीत के बारे में जो लिखवाया गया, वो मैंने लिखवाया. वो झूठ था."

मागे बाक करकरला. पाटसकरांनी वळून पाहिलं नाही.

अधिकारी दमलेला, चाळिशीचा माणूस होता. त्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तब झूठ था, या अब झूठ है? आपके एक बयान पे लड़का सवेरे से बैठा है. दूसरे पे मैं भरोसा क्यों करूँ?"

"साहब, सात साल से जानता हूँ. मेरे सामने पढ़ा है ये लड़का. कॉलेज से घर, घर से कॉलेज. मैं लिखकर देता हूँ."

"तो पहले क्यों नहीं कहा? कोई झगड़ा? पैसा? ज़मीन?"

"नहीं जी."

"फिर?"

आणि तिथे, तीन शिपायांसमोर, एका बापासमोर, केंद्र सरकारचे अधिकारी श्यामकांत पाटसकर यांना सगळं सांगावं लागलं. कोलेस्टेरॉल. अक्रोड. लाडू. वनस्पती. हिंदी अडखळत होती. एक शिपाई हसू दाबत बाहेर गेला. अधिकारी मात्र हसला नाही.

"लोग दुश्मनी में झूठ बोलते हैं, डर के मारे बोलते हैं," तो म्हणाला. "बंदूक के सामने बोलते हैं, वो भी समझता हूँ. आपने लड्डू के लिए एक जवान लड़के को मेरे पास भिजवा दिया? आपको पता है न, इन दिनों यहाँ से कौन कब घर जाता है, किस हाल में जाता है?"

"पता है," पाटसकर म्हणाले.

त्यांनी लिहून दिलं, सही केली. बऱ्याच वेळानं हरमीतला बाहेर आणलं. त्याला कोणी मारलं नव्हतं, पण त्या एका दिवसात त्याच्या चेहऱ्यावरचं पोरपण गेलं होतं. बापानं त्याची पगडी सारखी केली, खांद्यावर हात टाकला, आणि दोघं चालू लागले. पाटसकर मागोमाग फाटकापर्यंत गेले.

"निरंजनजी," त्यांनी हात जोडले. "मुझे माफ़ कर दीजिए. जो सज़ा देनी है दीजिए."

निरंजनसिंग थांबले. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर पाटसकरांना बरं वाटलं असतं. राग नव्हता.

"सवेरे हवालदार ने बताया कि किसी पड़ोसी ने लिखवाया है," ते म्हणाले. "मैं सारा दिन उस बेंच पे बैठा सोचता रहा, किसने. पूरे ब्लॉक का एक-एक नाम सोचा. जो मुझसे हँस के बोलता है उसका भी, जो नहीं बोलता उसका भी. बुरा लगा, पर सबपे शक किया. आपका नाम नहीं सोचा, पाटस्करजी. एक बार भी नहीं."

आणि मुलाला घेऊन ते निघून गेले.

हरमीत ठरलेल्या तारखेला महाराष्ट्रात रुजू झाला. तिथे तो कोणाला ‘कसं काय, बरं आहे ना?’ म्हणतो की नाही, हे मात्र पाटसकरांना कळलं नाही. खालच्या घरातून आता राम राम येतो, सत श्री अकाल येतो, सणाला ताटही येतं, पण तलावावर दोघं वेगवेगळ्या वेळी जातात. वेळ निरंजनसिंगांनी बदलली. पाटसकर रोज सकाळी जिन्यापाशी जरा वेळ थांबतात, आणि मग एकटेच निघतात. पद्मिनीबाईंनी वनस्पतीचा डबा घरातून हद्दपार केला. नाकाला पदर लावून का होईना, पण त्या मोहरीच्या तेलाची फोडणी द्यायला शिकल्या. चिवडा गेला, त्या जागी मूठभर कोरडे अक्रोड आले. आकडा उतरला. डॉक्टरबाईंनी शाबासकी दिली, तेव्हा पाटसकरांना हसूही आलं नाही.

पाडव्याला मराठी मंडळी पुन्हा जमली. विलासराव कोणाला तरी सांगत होते, "आपण सावध असलेलं बरं, या लोकांचं काही..." पाटसकर सरळ उठून त्यांच्यापुढे उभे राहिले. सगळ्यांदेखत त्यांनी आपली हकीकत सांगितली, पोलीस ठाण्यातल्या लाडवांसकट. हॉलमध्ये आधी हशा पिकला आणि मग ओसरला. "विलासराव, तुम्ही मला सावध केलंत," ते म्हणाले. "मी सावध राहिलो. आणि सात वर्षांत मिळालेला एकुलता एक भाऊ गमावून बसलो. अशा सावधगिरीची वेळ माझ्या वैऱ्यावरही येऊ नये!"

वाचकहो, अक्रोड खा किंवा खाऊ नका, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. खाल्लेत तर कशाच्या ऐवजी खाता आहात ते बघा, आणि दोष कोणाला द्यायच्या आधी आपल्याच स्वयंपाकघरातला डबा उघडा. पण माझं मागणं त्याहून मोठं आहे. शेजाऱ्याबद्दल शंका आली तर खाली जा, दार ठोठावा, भांडा, वाटेल ते विचारा. परक्याला आपण विचारत नाही, आपल्याच माणसाला विचारतो. म्हणून ज्याला विचारलंत तो त्या क्षणी आपला होतो. न विचारता दार लावलं, की त्या दारामागे आपण नाही नाही ते शिजवत बसतो. पाटसकरांना खाली उतरायला फक्त एक जिना होता. तो त्यांनी उतरला नाही, आणि ज्या एका माणसाच्या मनाला त्यांच्याविषयी कधी शंका शिवली नव्हती, ते मन त्यांच्या हातून कायमचं गेलं.